एनिल्ला

शोरूमचा पोरगा इराण्णा, बैलहोंगलचा.
मराठी बोलताना लिंग वाटेत सांडायचा,
पण समजावत होता मन लावून:
"काका, हे दाबला की गाडी चालू होतो."
चालू होतो. बरं.
आणि किल्ली?
"किल्ली खिशात राहू दे."
खिशातून न काढलेल्या किल्लीनं गाडी सुरू होते
हे मला तीन दिवस पटलं नाही.
एक हात खिशात घालून
मी ती उगाच फिरवत राहिलो.

उद्यमबागेत छत्तीस वर्षं लेथवर काढली.
तिथं आधी हाताला कळायचं, मग डोळ्याला:
किती सूत निघालं, किती राहिलं,
चक घट्ट बसलाय का,
लोखंड आज रुसलंय का.
आता पुढ्यात नुसती काच.
गारवा कमी करायचा तर तिच्याकडं बघावं लागतंय,
आणि तिसऱ्या गेटाजवळ काचेकडं बघत बसलं तर
म्हशी थांबणार आहेत होय?

तनुजा म्हणाली, बाबा, भाषा निवडा.
यादी उघडली. कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी,
एकाखाली एक, शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी.
ह्याच चार नावांपायी आमच्या गावात
किती पाट्यांना डांबर लागलं, मी बघितलंय.
म्हटलं, ह्यातली जी गप्प बसते ती लाव.
पोरगी हसली,
आणि आवाज शून्यावर नेऊन ठेवला.

मग रोज संध्याकाळी अनगोळच्या गल्लीत,
गाडी जागेवरच, मी आत.
मांडीवर जाडजूड पुस्तक, नाकावर चष्मा.
बसलेला माणूस, त्याच्या तोंडाकडं बाण: वारा.
तोच माणूस, बाण पायाकडं: पायाला वारा.
तीन नागमोडी वाफा: काचेवरचं धुकं.
गाडी, आणि तिच्यामागं दोन वेड्यावाकड्या शेपट्या:
हे घसरायचं बटण नव्हे,
न घसरायचं.
चहाचा कप दिसला तेव्हा वाटलं, वा!
तर तो कप म्हणतोय, तुम्ही पेंगताय, थांबा.

परवा जांबोटीहून तांदळाचं पोतं आणलं,
शेजारच्या सीटवर ठेवलं.
गाडी टुंग टुंग करायला लागली.
पट्टा लावा म्हणते, माणूस बसलंय.
खानापूरपर्यंत सोसलं,
मग उतरलो आणि पोत्याला पट्टा लावला.
गप्प झाली.
बायको असती तर म्हणाली असती,
मला कधी एवढं जपून आणलं नाहीस.

क्लच न दाबता नुसतं बटण दाबलं
तर इंजिन झोपलेलंच राहतंय
आणि सगळी चित्रं जागी होतात.
हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मला सापडलं.
त्यातलं एक तांबडं.
लांब नाकाची, टोकाला थेंब लोंबणारी
तेलाची झारी.
हिला पुस्तक कशाला?
हिची मूठ माझ्या उजव्या हाताला ठाऊक आहे,
पहिल्या पाळीला गार, दुसऱ्या पाळीला कोमट.
लेथवरून तीच तेवढी माझ्याबरोबर
ह्या काचेपर्यंत आलीय.
मी बसून तिला बघतो.
बॅटरी उतरंल, तनुजा ओरडते घरातून.

काल बाळाप्पा आला. वडगावात माग होते त्याचे,
ते भंगारात गेले.
दार उघडून बसला शेजारी.
गाडीनं टुंग टुंग केलं.
म्हटलं, वजन भरलं बघ तुझं, पट्टा लाव.
"आपण कुठं जायचंय?"
कुठं नाही.
त्यानं तरी लावला.
मग मी त्याला सगळं दाखवलं, माणूस, बाण,
शेपट्या, कप, झारी.
झारीवर तो मान हलवून थांबला जरा.

स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, गुडघ्याच्या वर,
ओळीत चार बटणं.
दोनांवर चित्रं, दोन कोरी.
कोऱ्या बटणाखाली तार नाही,
ती महागड्या गाडीची जागा,
आपल्या गाडीत नुसती बुजवलेली.
इराण्णानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
तरी माझा अंगठा अधूनमधून तिकडं जातो.

"ह्यात काय?" बाळाप्पानं विचारलं.
एनिल्ला, मी म्हटलं.
"एनिल्ला?"
काही नाही.
त्यानं माझ्याकडं बघितलं, बटणाकडं बघितलं,
आणि दाबून बघितलं.